सुट्टीच्या दिवशी चाललेला माग

"ह्यो ब्रेक हाय का उशी?"

अप्पा जमिनीवर उकिडवे बसले होते आणि माझ्या ब्रेकच्या पेडलवर पंजा ठेवून ते दाबत होते. दाबलं की पेडल मुकाट्यानं खाली जायचं, सोडलं की मुकाट्यानं वर यायचं. सात-आठ वेळा दाबून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच बाजारातून नासकं दूध घेऊन आले आहे.

मी उठून त्यांच्यासमोर जाऊन बसले. अप्पांशी बोलायचं तर आधी त्यांच्या तोंडासमोर यायचं, हा आमच्या घरातला नियम होता.

"स्वस्तातले असेच असतात, अप्पा. आत नुसती स्प्रिंग असते. महागातल्यांना पायाचा जोर मोजायचं यंत्र असतंय."

"खऱ्या गाडीला असला ब्रेक असता तर मानूस सरळ दुकानात घुसला असता."

"म्हणून तर मी दर वळणाला बाहेर जाते."

अप्पा उठले, जिना उतरून खाली कारखान्यात गेले आणि रबराचा एक जाड काळा तुकडा घेऊन आले. मागावर धोटा या टोकाकडून त्या टोकाला धावतो आणि दर खेपेला येऊन आदळतो. तो आदळतो तिथं हे रबर बसवलेलं असतं. दिवसाला लाखभर धक्के खातं आणि हूं की चूं करत नाही. अप्पांनी ते ब्लेडनं कापलं, पेडलच्या स्प्रिंगमध्ये घट्ट ठोकून बसवलं आणि मला म्हणाले, "आता दाब."

मी दाबलं. पेडल अर्ध्यावर येऊन अडलं. त्यापुढं जायला मांडीचा जोर लागला. मी पुन्हा दाबलं आणि मला हसूच फुटलं, कारण सहा महिन्यांत पहिल्यांदा पायाखाली काहीतरी खरं लागत होतं.

ही गोष्ट इचलकरंजीतली, आणि तिला आता आठ वर्षं झाली. मी एकवीस वर्षांची होते, डिप्लोमा झाला होता आणि डोक्यात मोटारींच्या शर्यतीचं खूळ होतं. खूळ कुठून आलं ते विचारू नका. घरात सायकलपलीकडं वाहन नव्हतं. पण संगणकावर खऱ्या ट्रॅकची हुबेहूब नक्कल असते, खऱ्या गाडीचं वजन आणि टायरची पकड तिथं मोजून मांडलेली असते, आणि देशभरातले लोक घरी बसून तिथं एकमेकांशी शर्यत लावतात, हे कळल्यापासून मला झोप नव्हती. आई म्हणायची, दुधाची तहान ताकावर. मी म्हणायचे, ताक तरी मिळू दे.

तर ताकाची सोय मी अशी केली. स्टिअरिंग आणि पेडल कोल्हापूरच्या एका मुलाकडून जुनं घेतलं. त्याचं लग्न ठरलं होतं आणि बायको यायच्या आत त्याला ते घरातून काढायचं होतं. संगणक बंद पडलेल्या सायबर कॅफेतला. सीट भंगारातल्या मारुती व्हॅनची, तिच्या एका बाजूचा कापूस उंदरांनी नेलेला. स्टिअरिंग बसवायला टेबल नव्हतं, तर अप्पांनी सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, ठेवायचा एक जुना लोखंडी स्टँड उलटा करून त्यावर फळी ठोकली. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. माझे पाय व्हॅनच्या सीटवरून त्या स्टँडखाली बरोबर पसरत होते.

संगणक मात्र अगदीच म्हातारा होता. झाडं, प्रेक्षक, कडेच्या पाट्या असं सगळं दाखवायला गेलं की धापा टाकायचा. म्हणून मी ते सगळं बंद करून टाकलं होतं. माझ्या पडद्यावर काळा रस्ता, हिरवी जमीन आणि एक पूल, एवढंच जग होतं. इतर लोक शंभर मीटरची पाटी बघून ब्रेक मारायचे. माझ्याकडं पाटीच नव्हती. पण मला ती कधी लागलीही नाही. पूल मागं पडला की पाय आपसूक योग्य वेळी ब्रेकवर पडायचा. त्याचा मला जरा गर्वच होता.

अप्पा म्हणजे माझे वडील, बाळगोंडा बिरनाळे, रावसाहेब चौगुले यांच्या चोवीस मागांच्या कारखान्यातले जॉबर. माग बिघडला की कामगार जॉबरला बोलावतात आणि तो तिथंच दुरुस्त करून देतो. चांगला जॉबर नुसत्या आवाजावरून सांगतो, कुठल्या मागाचं काय दुखतंय. आणि अप्पांचे कान गेले होते. अगदी साफ नव्हे. कानाशी येऊन कुणी ओरडलं तर ऐकू यायचं. बाकी सगळं ते ओठ बघून आणि अंदाजानं निभवायचे, आणि माग तपासायचे ते हात लावून, कधी गुडघा टेकवून.

हे मालकाला माहीत नव्हतं, आणि होऊ द्यायचंही नव्हतं. ऐकू न येणारा जॉबर कोण ठेवेल? नोकरी गेली असती तर घरही गेलं असतं, कारण कारखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्या मालकानं जॉबर म्हणूनच दिलेल्या होत्या. कामाच्या दिवशी धोका नव्हता. चोवीस माग चालू असताना तिथं कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, सगळा कारखाना हातवाऱ्यांनी बोलतो. भीती होती ती सुट्टीच्या वाराची. आठवड्यातून एक दिवस सगळ्या गल्लीतले माग बंद असतात, टाचणी पडली तरी कळते. त्या दिवशी अप्पा खाली उतरायचेच नाहीत. मालक आला तर आई सांगायची, झोपलेत.

त्या वर्षी एका रेसिंग शाळेनं मुलींसाठी स्पर्धा जाहीर केली. संगणकावरच्या एका ठरावीक ट्रॅकवर घरी बसून गाडी चालवायची, सगळ्यात वेगवान लॅप, म्हणजे ट्रॅकची एक पुरी फेरी, नोंदवायचा, महिनाभरात वाटेल तितक्या वेळा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला यादी बंद. पहिल्या सहा मुलींना खऱ्या ट्रॅकवर, खऱ्या गाडीत, तीन दिवस.

आईनं अट घातली. "सहात आलीस तर जा. न्हाई आलीस तर ते चाक इकायचं आणि एक तारखेपासनं सुताच्या पेढीवर कामाला जायचं. कबूल?"

मी कबूल झाले. रबर बसलं तेव्हा मी यादीत अकरावी होते. रबर बसल्यावर तीन दिवसांत सातवी झाले.

सातवी. सहाव्या नंबरावर कोइमतूरची एक मुलगी होती आणि माझ्यात नि तिच्यात तीन दशांश सेकंदांचं अंतर होतं. एवढ्या वेळात माणसाची पापणी लवते. आणि शेवटचा दिवस नेमका सुट्टीच्या वाराला आला होता.

मला तर आनंदच झाला. एरवी सुट्टीच्या वारी आई मला दिवसभर घरकामाला जुंपायची, या वेळी तिनं सोडलं होतं. इतके महिने मागांच्या खडखडाटात मला गाडीचा आवाज कधी ऐकूच आला नव्हता. कानाला हेडफोन लावून उपयोग नव्हता, जमीनच हादरायची. आता निदान एक दिवस इंजिन ऐकू येईल, टायर घसरायला लागले की कळेल. मी आईला म्हटलं, "उद्या बघ तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी सीटवर बसले. खाली कारखाना गप्प. गाडी सुरू केली आणि इंजिन कानात असं घुमलं, की अंगावर काटा आला. लांबच लांब सरळ रस्ता, पूल, पूल मागं पडला, पुढं उजवं वळण. मी ब्रेक मारला. गाडी वळणाला न वळता सरळ हिरव्या जमिनीत गेली.

असू दे, पहिलीच खेप आहे, म्हटलं. दुसऱ्या खेपेला मी लवकर ब्रेक मारला आणि वळणाआधीच गाडी बैलगाडीसारखी हळू झाली. तिसऱ्या खेपेला पुन्हा उशीर. दहा झाल्या, वीस झाल्या. बाकीची सगळी वळणं ठीक जायची आणि पुलानंतरच्या त्या वळणाला माझी अक्कल गहाण पडायची. जेवायला आईनं हाक मारली तेव्हा मी दीड सेकंदानं मागं होते. तीन दशांश पुढं जायचं राहिलं बाजूला.

"दृष्ट लागली," आई म्हणाली.

"पडद्यावरल्या गाडीला दृष्ट लागत नाही, आई."

"गाडीला न्हवं. तुला."

जेवण गेलं नाही. पुन्हा बसले. दोन वाजले, तीन वाजले. ब्रेक तपासला, रबर जागेवर होतं. स्टिअरिंग तपासलं. सगळं कालच्यासारखं होतं, फक्त मी कालची नव्हते. साडेतीनला मी हेडफोन काढून फळीवर आपटले आणि रडायला लागले. पेढीवरचे ते लांबडे बाक, सुताचा तो वास आणि भाव विचारणारे फोन, सगळं डोळ्यांसमोर आलं. वाईट कशाचं वाटत होतं? आपल्यात होतं काय नि गेलं कुठं, हेच कळत नव्हतं त्याचं.

अप्पा दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते आत येऊन माझ्या समोर बसले.

"ब्रेक कवा मारायचा, हे तुला कशावरनं कळतंय?"

मी डोळे पुसले. "कळतं आपोआप."

"आपोआप काय कळत न्हाई. काय बघतीस?"

"काही नाही. पाट्या बंद करून टाकल्यात. पूल जातो, मग मी थांबते, मग मारते."

"किती थांबतीस?"

मला सांगता येईना. अप्पा म्हणाले, "परत चालीव. मी पाय बघतो."

मी गाडी चालवली आणि ते खाली वाकून ब्रेकवरच्या माझ्या डाव्या पायाकडं बघत बसले; शर्यतीत ब्रेक डाव्या पायानं मारतात. पूल आला, गेला, मी ब्रेक मारला, गाडी जमिनीत गेली. अप्पांनी मान हलवली.

"तुझा अंगठा हलतोय. काल बी हलत होता, परवा बी. पूल गेला की पाच डाव हलतोय, मग पाय खाली. पर काल एका लयीत हलत होता. आज निसता चाचपडतोय." त्यांनी तळहात जमिनीवर टेकवला आणि तसाच ठेवला. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. "एक नंबर बंद हाय, गं."

एक नंबरचा माग आमच्या खोलीच्या खांबाला लागून होता. त्याचा ठोका खांबातून वर यायचा, जमिनीतून सीटमध्ये आणि सीटमधून माझ्यात. सहा महिने मी पाट्यांशिवाय गाडी चालवत होते ती त्या ठोक्यावर. पूल, पाच ठोके, ब्रेक. मला वाटत होतं ती माझी हुशारी. ती अप्पांच्या मागाची चाल होती, आणि ती चाल अप्पा एका ठोक्यानंही इकडंतिकडं होऊ द्यायचे नाहीत.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "मनातल्या मनात मोजू?"

"दीड तासात मोजायला शिकनार?" अप्पा उठले. "मी चालू करतो."

"अप्पा, नको. सुट्टी आहे. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल. मालकाला फोन जाईल. ते आले आणि तुम्हाला हाक मारली तर—"

पण अप्पांनी पाठ फिरवली होती. आणि अप्पांनी पाठ फिरवली की आमच्या घरातला वाद तिथं संपायचा, कारण पुढचं त्यांना ऐकूच यायचं नाही. कधीकधी मला वाटतं, ही सोय ते जाणूनबुजून वापरायचे.

आई माझ्याकडं वळली. "जाऊ दे त्यास्नी," ती म्हणाली, पण तिचा रंग उतरला होता.

थोड्या वेळानं जमीन हलली. ठक, ठक, ठक. एकच माग, तोही रिकामा. सगळ्या गल्लीच्या शांततेत तो आवाज असा उठला, की समोरच्या घरातल्या बाई खिडकीत आल्या. मी हेडफोन लावले नाहीत. गाडी सुरू केली. पूल, एक दोन तीन चार पाच, ब्रेक. गाडी वळणात अशी गेली, जसा सुईत दोरा.

पहिला लॅप ठीक. दुसरा त्याहून बरा. हात गरम व्हायला वेळ लागतो. चार वाजून पंचवीस मिनिटं झाली तेव्हा मी दीड सेकंद भरून काढून कालच्या जागी आले होते, आणि चार पस्तीसला जो लॅप सुरू केला तो पहिल्या वळणापासूनच वेगळा होता. पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या जुन्या वेळेशी फरक दिसतो. तो दोन दशांश झाला, मग तीन, मग चार. असं चालवणं रोज होत नाही. पूल आला, पाच ठोके, ब्रेक. शेवटची तीन वळणं राहिली.

तेवढ्यात खिडकीतून खाली पांढरी स्कूटर दिसली. रावसाहेब चौगुले स्कूटर स्टँडला लावत होते. लावली आणि तरातरा कारखान्यात शिरले.

तीन वळणं म्हणजे वीस सेकंद. मला आजही कुणी म्हणतं, वीस सेकंदच होते, पुरे करायचे होतेस. पण त्या वीस सेकंदांत खाली काय होणार ते मला दिसत होतं. मालक मागून हाक मारणार, अप्पा वळणार नाहीत. मी स्टिअरिंग सोडलं. गाडी पडद्यावर आपली आपण भिंतीकडं गेली. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले, अनवाणी.

पोचले तेव्हा उशीर झालाच होता. अप्पा एक नंबरच्या मागावर वाकले होते, दोन्ही तळहात लोखंडावर टेकलेले, डोळे मिटलेले. त्यांच्यामागं दोन हातांवर मालक उभे.

"बाळगोंडा," मालक ओरडले.

अप्पा हलले नाहीत.

"ए बाळगोंडा. माग का चालू हाय?"

एकाच मागाच्या आवाजात एवढी मोठी हाक दारातून मलाही स्पष्ट ऐकू आली. अप्पांच्या मानेची शीरसुद्धा हलली नाही. मालकानं हात उचलला, मग तो तसाच खाली घेतला. ते वळले आणि त्यांना मी दिसले.

"मालक," मी म्हणाले, "अप्पांचं लक्ष कामात असलं की त्यांना—"

"राहू दे."

"खरंच, ते असेच आहेत, घरी सुद्धा—"

"राजमती, राहू दे म्हटलं की." मालक माझ्याजवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "त्याला ऐकू येत न्हाई हे मला चार वर्षं म्हाईत हाय. आज रागात इसरलो आणि मागनं हाक मारली. न्हाईतर मी कवा मारत न्हाई."

"कसं कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"चार वर्षांमागं कोपऱ्यावरला ट्रान्सफॉर्मर फुटला, सुट्टीच्या दिवशी," मालक म्हणाले. "सगळी गल्ली रस्त्यावर आली. बायका पोरं घेऊन पळाल्या. आणि तुझा बाप वरच्या खिडकीत बसून निवांत तंबाखू मळत होता. खाली बघून मला नमस्कार बी केला त्यानं."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

"मग तुम्ही त्यांना काढलं का नाही?"

"का काढू? ऐकून माग दुरुस्त करणारे ह्या गल्लीत चार हाईत. हात लावून, मोडायच्या आधी सांगणारा ह्यो एकटाच. माझ्या वडलांचे कान बी असेच गेले, ह्याच मागांवर." त्यांनी अप्पांच्या पाठीकडं पाहिलं. "लपवतोय तर लपवू दे म्हटलं. त्याची अब्रू हाय. मी कशाला काढून घेऊ?"

माझा जीव भांड्यात पडला. आमच्या घरातली चार वर्षांची कुजबुज, आईची ती "झोपलेत" अशी थाप, सुट्टीच्या वाराचं ते दार लावून बसणं, सगळं ओझं त्या दोन वाक्यांत उतरलं.

"पर हे मला सांग," मालक म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी रिकामा माग का चाललाय? तीन फोन आले मला."

मी सांगितलं. गाडी, पूल, पाच ठोके, सहा मुली, पाच वाजता. जमेल तेवढ्या थोडक्यात सांगितलं, तरी त्यांना निम्मंच कळलं असावं.

"म्हंजे गाडी वर, आणि तिची चाल खाली माझ्या मागात?"

"व्हय."

"आणि किती वाजता बंद होतंय?"

"पाचला."

मालकानं घड्याळ बघितलं. "सोळा मिनिटं हाईत. मग हितं काय करालीस? पळ की. गल्लीला मी बघतो."

मी वर पळाले. आई जिन्यात उभी होती, तिला म्हटलं, "मालकांना सगळं माहीत आहे, चार वर्षांपासून," आणि ती बिचारी मटकन पायरीवर बसली. मी सीटवर बसले. हात ओले झाले होते, ते त्या जुन्या सीटच्या कापडाला पुसले.

पहिला लॅप वाया गेला, लक्ष अजून खालीच होतं. दुसऱ्यात घाई केली. तिसरा चांगला होता, पण शेवटच्या वळणात चाक गवतात गेलं. खाली रस्त्यावर कुणाचा तरी आवाज चढला होता, "सुट्टीचा नेम सगळ्यास्नी सारखा, रावसाहेब," आणि मालकाचा आवाज ऐकू आला, "दहा मिनिटं थांबा, मग चहा पाजतो." चौथ्या लॅपला मी काही विचार केला नाही. खरंच नाही. पूल आला, ठोके अंगात येत गेले, पाय खाली गेला. शेवटची तीन वळणं मी ओठ चावून काढली.

लॅप पुरा झाला तेव्हा पडद्यावर आकडा आला आणि मला तो वाचायला धीर होईना. आईनं वाचला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, तिनं नुसते आकडे म्हणून दाखवले. एक, बावन्न, सत्तावीस. मी यादी उघडली. कोइमतूरची मुलगी सातवी होती, माझ्या खाली, चार शतांश सेकंदांनी.

मग उरलेली सहा मिनिटं आम्ही दोघी यादीकडं बघत बसलो. कुणीही वर येऊ शकत होतं. आईनं माझा हात धरला होता आणि तिची नखं माझ्या तळव्यात रुतत होती. पाच वाजले. पडद्यावर दोन ओळी आल्या, स्पर्धा संपली, धन्यवाद. यादी हलली नाही.

"म्हंजे?" आईनं विचारलं.

"म्हणजे चाक विकायचं नाही."

आईनं सुस्कारा सोडला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला काय, मी आपली पेढीवाल्याला काय सांगायचं ह्याचा इचार करत हुते." पण तिचे डोळे भरले होते, ते तिला लपवता आले नाहीत.

मी खाली गेले. माग अजून चालू होता. अप्पांनी मालकाला पाहिलं होतं. हात मागं बांधून ते मागाशेजारी ताठ उभे होते, शाळेत पकडलेल्या पोरासारखे. मालक समोर एका बाकावर बसले होते आणि मुद्दाम काही बोलत नव्हते. मला पाहून म्हणाले, "आलीस का सहात?"

मी हो म्हटलं.

"आता त्याला तूच सांग. सगळंच सांग."

मी अप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले. सवयीनं ओठ नीट हलवत, हळू आवाजात सुरुवात केली, "अप्पा, मालकांना..." आणि मग थांबले. हळू कशाला? मी त्यांच्या कानाशी गेले आणि बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं, की मी सहावी आले, आणि मालकांना तुमच्या कानांचं माहीत आहे, चार वर्षं माहीत आहे, आणि ते तुम्हाला काढणार नाहीत. आजवर मालकासमोर मी अप्पांशी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. दारातल्या गल्लीवाल्यांनाही ते ऐकू गेलं असणार. जाऊ दे.

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग मालकाकडं पाहिलं. मालकानं मान डोलावली. अप्पा सावकाश खाली, सुताच्या एका बीमवर बसले. त्यांचे खांदे असे सैल झाले, की ते मला एकदम लहान वाटले. त्यांनी आपल्या तळहातांकडं पाहिलं.

मग त्यांनी मान वर केली.

"चार वर्षं म्हाईत हाय," ते मालकाला म्हणाले, "मग जरा मोठ्यानं बोलायचं की हो, मालक. तुमचं निम्मं बोलणं मी अंदाजानं चालवतोय."

मालक पोट धरून हसायला लागले. हसू आवरेना तेव्हा उठून अप्पांजवळ आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, कानाशी वाकले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "एक नंबर बंद कर आता, सुट्टी हाय."

"एवढं वरडू नका," अप्पा म्हणाले, "आता ऐकू येतंय," आणि त्यांनी माग बंद केला.